बाई आणि इतर

‘‘सर, तुमचे नऊ,’’ मी म्हणाले. ‘‘आणि बाईंचे एकशे त्रेसष्ट.’’

डॉक्टर कळंबकरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्या हातातला कागद न बघताच मान डोलावली. ‘‘नऊ म्हणजे तसे बरे आहेत हो. मला वाटलं होतं, पाचसहा निघतील.’’

मी दोन दिवस पुण्याला जाऊन आले होते. ही गोष्ट १९९१ सालची. मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात मी नुकतीच ग्रंथपाल म्हणून लागले होते, सव्वीस वर्षांची, आणि नवा मुसलमान जसा पाच वेळा नमाज पढतो तसा माझा कामाचा उत्साह होता. प्राध्यापकपदाच्या मुलाखती जवळ आल्या होत्या. त्या वर्षी नवीन परिपत्रक निघालं होतं: उमेदवारानं नुसती आपल्या लेखांची यादी द्यायची नाही, जगातल्या इतर संशोधकांनी ते लेख आपल्या लेखांत किती वेळा उद्धृत केले तेही द्यायचं. हे मोजायला तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. विटेएवढे जाड सूचीग्रंथ असत, मुंगीएवढी अक्षरं असत, आणि ते ग्रंथ पुण्याच्या एका मोठ्या ग्रंथालयात होते. दोन दिवस भिंग डोळ्याला लावून मी ते उपसले. त्या सूचीत लेख फक्त पहिल्या लेखकाच्या नावाखाली सापडतो. दुसऱ्या-तिसऱ्याला तिथं जागा नाही. सरांचे एकतीस लेख होते, बावीस वर्षांत लिहिलेले, सगळे मधुमेहावरचे. पण जो लेख कॅनडापासून जपानपर्यंत सगळे वापरत होते, तो ‘बाई आणि इतर, १९७९’ या नावानं. ‘इतर’मध्ये आमचे सर.

‘‘या डॉक्टर बाई कुठं असतात सर आता? बदली झाली का त्यांची?’’ मी विचारलं.

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. ‘‘बदली कसली! खाली डायट किचनमध्ये असतील. आता दहा वाजलेत म्हणजे भाकऱ्या चालल्या असतील.’’

‘‘म्हणजे शेवंताबाई? आपल्या?’’

‘‘आपल्याच. वॉर्डात आम्ही रोग्यांना ज्वारीची भाकरी देऊन दर अर्ध्या तासाला रक्तातली साखर बघत होतो. त्या सगळ्या भाकऱ्या बाईंनी केल्या. रक्त तपासलं लॅबमधल्या शेखनं, लिहिलं मी. बाई, कळंबकर, शेख. बी, के, एस. वर्णानुक्रम.’’

मला ते पटलं. ग्रंथपालाला वर्णानुक्रम सांगितला की तो पुढं काही विचारत नाही.

डीनसाहेबांनी मात्र कपाळाला हात लावला. ते सरांचे वर्गमित्र होते आणि सरांवर त्यांचा जीव होता, म्हणूनच ते त्यांच्यावर खेकसत असत. ‘‘कळंबकर, दोनदा हुकलंय तुझं. आता वय छप्पन्न. पुढची मुलाखत होईल तेव्हा तू घरी नातवंडं सांभाळत असशील. चौदा वर्षं सहयोगी म्हणून काढलीस, एकदा तरी प्रोफेसर होऊन घरी जा. नऊ उद्धरणांवर कोण घेईल तुला? आणि तिकडं एकशे त्रेसष्ट एका स्वयंपाकिणीच्या नावावर! अरे, वर्णानुक्रमाचा घोळ झाला, भाकरी करणारीचं नाव चुकून वर गेलं, असं एका कागदावर लिहून दे. तिची सही घे. समिती ते सगळे तुझ्या खात्यात धरेल. मी अध्यक्षांशी बोललोय.’’

‘‘बघू,’’ सर म्हणाले.

हे ‘बघू’ मी ओळखत होते. लग्नाच्या बाबतीत मी वडिलांना तेच म्हणत असे. त्याचा अर्थ ‘नाही’ असा होतो.

पण मला राहवेना. सरांबद्दल मला फार वाटायचं. दुपारी ते ग्रंथालयात येत, नियतकालिकं चाळत, आणि जाताना प्रत्येक अंक होता तिथंच ठेवून जात. असा वाचक लाखात एक. त्यांच्या खोलीच्या दारावर ‘प्राध्यापक’ अशी पाटी लागावी असं त्यांनाही वाटत होतं. एकदा गमतीत म्हणाले होते, ‘‘टाकसाळे, माझी आई अजून गावात सांगते, माझा मुलगा प्रोफेसर आहे म्हणून. ती ब्याण्णव वर्षांची आहे. तिला खोटं पाडायचं मनात नाही.’’ ते वाक्य माझ्या मनात घर करून बसलं होतं. कागद करायचा आणि त्यांच्या हातात ठेवायचा, असं मी ठरवलं. विचारायच्या भानगडीत पडलेच नाही.

कागद मीच टाइप केला. ‘मी शेवंताबाई, आहार विभागातील स्वयंपाकीण, लिहून देते की सदर संशोधनात माझा सहभाग केवळ भाकरी करण्यापुरता होता व लेखकांमध्ये माझे नाव चुकीने प्रथम आले.’ मला माझी भाषा फार आवडली.

डायट किचन तळमजल्यावर होतं. शेवंताबाई काठवटीपुढं बसल्या होत्या. पन्नाशी कधीच उलटलेली, अंगानं काटकुळ्या, हात मात्र रुंद. भाकरी थापताना त्या काठवटीकडं बघतच नव्हत्या, दाराकडं बघत होत्या.

‘‘या, म्याडम. बसा. पाट घ्या तो.’’

मी बसले. इकडचं तिकडचं बोलत विचारलं, त्या वेळी भाकऱ्या मोजून करायच्या होत्या ना?

‘‘तर! समद्या येका वजनाच्या. सायबानं तागडी आणून देली. म्या म्हन्लं, तागडी काय करायची, गोळा हातात घेतला की कळतंय. सायेब आठ दिस माज्या पाठीमागं हुबं ऱ्हाऊन येकयेक गोळा तोलीत व्हते. दोन ग्रामाचा बी फरक आला न्हाई. मंग तागडी नेली त्यांनी परत.’’

‘‘बाई, त्या कामाचा लेख छापून आला, त्यात तुमचं नाव आहे. माहीत आहे का?’’

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्यांना त्यांच्या लेकराचं नाव माहीत आहे का म्हणून विचारलं. हात धुतले, पदराला पुसले आणि मला मागच्या कोठीत घेऊन गेल्या. पिठाच्या डब्यांच्या वर, भिंतीला, खळीनं चिकटवलेली पोस्टकार्डं होती. तीसचाळीस तरी असतील. पोलंड, चिली, ऑस्ट्रेलिया, फिनलंड. सगळ्यांवर छापील मजकूर तोच: आपल्या लेखाची एक प्रत कृपया पाठवावी. आणि वर हातानं लिहिलेलं, ‘प्रिय डॉक्टर बाई’.

‘‘पयल्यांदा आलं तव्हा हापिसातला क्लार्क म्हन्ला, ह्या नावाचा डाक्टर हितं न्हाई. परत धाडीत व्हता. सायबानं बघितलं. म्हन्ले, बाईंचं टपाल बाईंना द्या. तव्हापासून टपालवाला मला डाक्टरबाई म्हन्तो मेला.’’ त्या हसल्या. पुढचे दोन दात नव्हते.

‘‘मग प्रती कोण पाठवायचं?’’

‘‘सायेब लिवायचे, म्या सही करायची. ज्याचं टपाल त्यानं सही कराया पाह्यजे, असं म्हन्ले. महिनाभर शिकिवलं मला. रोज जेवनाच्या सुट्टीत.’’

माझ्या पर्समध्ये तो कागद होता. खरं तर तिथूनच मी परत फिरायला हवं होतं. पण चांगलं करायला निघालेल्या माणसाला अक्कल उशिरा येते. मी कागद काढला, वाचून दाखवला आणि मुलाखतीचं सगळं सांगितलं, गावात मुलाला प्रोफेसर म्हणणाऱ्या सरांच्या आईचंसुद्धा. बाई हे नाव वरून निघालं तर सर प्रोफेसर होतील, नाहीतर नाहीत.

त्यांनी शांतपणे ऐकलं. भिंतीवरच्या एका कार्डाचा कोपरा सुटला होता, तो अंगठ्यानं दाबून बसवला.

‘‘मंग येवढं काय त्यात. काढा की. सायबाचं भलं हुतंय न्हवं?’’

‘‘तुम्हाला वाईट नाही ना वाटणार?’’

‘‘वाईट वाटंल,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पर त्ये माजं मी बघीन. द्या, कुटं करू?’’

मी बोट ठेवलं. ‘‘मराठीत केली तरी चालेल.’’

‘‘मराटीत येत न्हाई, म्याडम. मला इंग्रजीच येती. हजेरीला अंगठा आन परदेशाला सही.’’ आणि त्यांनी जीभ दातांत धरून, पेन फुलपात्रासारखं गच्च पकडून, एस. बाई अशी इंग्रजीत सही केली. एसची शेपटी चांगली वळवलेली होती.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी मी तो कागद सरांना दिला. त्यांनी तो वाचला. सहीकडं बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं आता म्हणतील, टाकसाळे, तुम्ही माझं काम केलंत. त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि आत गेले. संदर्भग्रंथांचे कागद सांभाळायला म्हणून मीही मागोमाग गेले आणि भिंतीशी खुर्ची घेतली.

अध्यक्ष मुंबईहून आले होते, फार सभ्य गृहस्थ. ‘‘डॉक्टर कळंबकर, तुमचं काम मी स्वतः शिकवतो. पण नियम आमचेही हात बांधतो. ही पहिली लेखिका एस. बाई. या प्रकाराबद्दल आपण काही खुलासा आणलाय असं डीन म्हणाले.’’

सरांचा हात खिशाकडं गेला. तो तिथंच राहिला.

‘‘खुलासा आहे,’’ ते म्हणाले. ‘‘सत्त्याहत्तर साली मी बारा रोग्यांवर काम करत होतो. जेवण तेच, वजन तेच, वेळ तीच. तरी काही दिवशी जेवणानंतरची साखर चढायची, काही दिवशी कमी चढायची. सहा महिने मला उलगडा होईना. मी शेखला बोललो. तुझी नळी घाण, तुझं यंत्र बिघडलेलं. बिचारा रडवेला झाला. एक दिवस मी असाच त्याच्यावर ओरडत होतो आणि ताटं घ्यायला बाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, सायेब, त्याला कामून बोलता? मंगळवारी कोळसा आला नव्हता, मी सोमवारच्या शिळ्या भाकरी दिल्या. शिळी भाकर पोटात रेंगाळती. ताजी खाल्लेला माणूस लवकर भुकेजतो. ज्या ज्या दिवशी तुमचा आकडा कमी येतो, त्या त्या दिवशी शिळी असती, बघा ताडून.’’

अध्यक्षांनी सरांची यादी जवळ ओढली.

‘‘मी ताडून बघितलं. तंतोतंत. मग पुढं दोन वर्षं मी जे केलं ते एवढंच, की बाईंचं म्हणणं खरं की खोटं ते तपासलं. ते खरं निघालं. ज्याचा प्रश्न त्याचं नाव पहिलं, असं मला माझ्या गुरूंनी शिकवलं होतं.’’

‘‘पण यादीत तुम्ही वर्णानुक्रम लिहिलंय.’’

‘‘हो. बारा वर्षं मी तेच सांगत आलो. सांगायला सोपं पडतं. स्वयंपाकिणीनं मला शिकवलं असं म्हणायला एवढी वर्षं जीभ वळली नाही, त्याची मला लाज वाटते. आज ते इथं सांगून टाकतो.’’

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. ‘‘त्यांची शैक्षणिक पात्रता?’’

‘‘नाही.’’

‘‘तुमच्या लक्षात येतंय ना डॉक्टर, मग तुमच्या नावावर नऊच राहतात.’’

‘‘नऊ. आणि खरं सांगायचं तर त्यातले चार माझेच आहेत. मीच मला उद्धृत केलंय.’’

अध्यक्ष हसले. मग त्यांनी पुढच्या उमेदवाराची फाइल ओढली. पद औरंगाबादच्या एका तरुण माणसाला मिळालं. हुशार होता, वाईट म्हणायला जागा नव्हती.

बाहेर जिन्यात मी रडायला लागले. रडू सरांसाठी होतं आणि माझ्या मूर्खपणासाठी होतं. सरांनी खिशातला कागद काढून माझ्या हातात दिला.

‘‘हा बाईंना परत करा. आणि माफी मागा. मीही मागणार आहे, पण तुम्ही आधी.’’

‘‘सर, मला वाटलं होतं, चुकून झालंय. ते नावच बघा ना. ‘बाई’ हे काय आडनाव आहे? जगाला वाटतं ते आडनावच. निदान खरं आडनाव तरी द्यायचं होतं.’’

सर जिन्याच्या पायरीवर बसले. धोतराचा सोगा सावरल्यासारखा त्यांनी पँटचा गुडघा उगीच झटकला.

‘‘विचारलं होतं मी. लेख पाठवायच्या दिवशी फॉर्म भरताना. म्हटलं, बाई, आडनाव सांगा. म्हणाल्या, सायेब, कोणाचं लावू? नवऱ्यानं टाकली मला मूल होत नाही म्हणून, त्याचं लावू? का बापाचं, ज्यानं मला परत दारात उभी केली नाही, त्याचं लावू? मग त्याच म्हणाल्या, सगळे मला बाई म्हणतात. तेवढं कोणी दिलेलं नाही आणि कोणी काढून घेतलेलं नाही. तेच लिवा. तर मी तेच लिहिलं.’’

मी कागदाकडं बघितलं. त्यावर त्यांनी ते एक नावसुद्धा काढून घ्यायला सही दिली होती. सरांसाठी, आणि मी मागितली म्हणून.

किचनमध्ये जाऊन मी तो कागद त्यांच्यासमोर फाडला. माफी मागितली. मुलाखतीत काय झालं ते सगळं सांगितलं, सरांचा शब्द न् शब्द. शेवंताबाई आधी भडकल्या. ‘‘येडा हाय का त्यो मानूस! म्या सही देली व्हती न्हवं? आता कुटं हुतोय त्यो मोटा सायेब!’’ मग त्यांनी पदर तोंडाला लावला. ‘‘माज्या मानसांनी मला पुसून टाकलं, म्याडम. ह्येंनी न्हाई टाकलं. परका असून न्हाई टाकलं.’’ भाकरी तव्यावर करपली. त्यांची भाकरी करपलेली मी तेवढी एकदाच पाहिली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना ग्रंथालयात घेऊन आले. चोवीस वर्षं त्या इमारतीत काम करून त्या तिथं कधी चढल्या नव्हत्या. दाराशी चपला काढायला लागल्या, मी काढू दिल्या नाहीत. आमच्याकडं कॉलेजातल्या लोकांच्या लेखांची वेगळी तालिका होती, लाकडी खणांत कार्डं लावलेली. त्या लेखाचं कार्डच आजवर कोणी केलं नव्हतं. पहिलं नाव कॉलेजच्या कोणा डॉक्टरचं नाही, म्हणून माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी तो लेखच सोडून दिला होता. मी आदल्या रात्रीच ते कार्ड टाइप करून ठेवलं होतं. खण ओढून त्यांना दाखवलं.

‘‘काय लिवलंय?’’

‘‘बाई, शेवंता.’’

‘‘उलटं लिवलंय व्हय?’’

‘‘ग्रंथालयात आडनाव आधी येतं.’’

त्यांनी ते कार्ड पुष्कळ वेळ बघितलं. बोट लावलं नाही, हाताला पीठ असेल म्हणून. मग विचारलं, ‘‘आन सायबाचं कुटाय?’’

मी ‘के’चा खण उघडला. आमच्या शास्त्रात एकाच लेखाचं दुसऱ्या लेखकाच्या नावानंही कार्ड करतात. त्याचं नाव वर टाइप करायचं आणि पहिल्या लेखकाचं त्याखाली. तेही मी केलं होतं. वाचून दाखवलं: ‘कळंबकर’, आणि खालच्या ओळीत, ‘बाई, शेवंता’.

‘‘म्हंजी ह्या कागदावर सायेब वर?’’

‘‘हो. यावर सर वर.’’

‘‘आन त्या खणात मी वर.’’

‘‘हो.’’

‘‘मंग बरूबर हाय,’’ शेवंताबाई म्हणाल्या. ‘‘सायबाच्या आईला कुनी सांगाया जाऊ नका. आता जाते मी, बाराला ताटं जायची हायेत.’’